आपल्याच स्टँडमधून तो आवाज येतो तेव्हा

नव्वदावं मिनिट (धागाकर्ता)

चार दिवस डोक्यात हेच घोळतंय, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

आमच्या क्लबच्या मराठी समर्थकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सव्वाशे माणसं, सहा वर्षं जुना, मी पहिल्या दिवसापासून त्यात. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की निम्मी चर्चा त्या क्लबवरच होईल. गेल्या आठवड्यात आमच्या सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, भरपाईच्या वेळेत बॉल गमावला, गोल बसला, सामना गेला. मिनिटभरात ग्रुपवर माकडाची चित्रं. तो खेळाडू काळा आहे. आमचाच आहे, आणि महिनाभरापूर्वी त्याच्याच हेडरवर ह्याच ग्रुपने रात्र जागवली होती. मग कुणीतरी त्याच्या धर्मावरून एक 'विनोद' टाकला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सकाळी त्याच माणसाने एक व्हिडिओ टाकला: तोंडं झाकलेली पोरं, हातात मशाली, गळ्यात आमच्या क्लबचे स्कार्फ, 'बाहेरच्यांना हाकला' अशा घोषणा. खाली लिहिलं होतं, "समर्थक असावेत तर असे."

मी फोन पालथा ठेवला. काही बोललो नाही.

हेच प्रतिस्पर्धी क्लबच्या ग्रुपवर घडलं असतं तर मी दहा स्क्रीनशॉट काढून सगळीकडे फिरवले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या स्टँडमधला वंशद्वेष मला लगेच दिसतो. आमच्यातला दिसला की मी म्हणतो, 'चार टाळकी आहेत, सोडा.'

तेव्हापासून पॉल कॅनोव्हिल मनातून जात नाही. चेल्सीच्या पहिल्या संघातून खेळलेला पहिला काळा खेळाडू. १२ एप्रिल १९८२, सेलहर्स्ट पार्क, सामना क्रिस्टल पॅलेसशी. बदली खेळाडू म्हणून उतरण्याआधी तो रेषेलगत अंग मोकळं करत होता आणि पाठीमागून शिव्या सुरू झाल्या. वळून बघायची हिंमत होईना. चोरून एक नजर टाकली, तर निळे शर्ट, निळे स्कार्फ. त्याच्याच क्लबचे लोक. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. दोन वर्षांनी, जून १९८४ मध्ये, जॉन बार्न्सने माराकाना मैदानावर ब्राझीलच्या बचावफळीला एकट्याने भेदून गोल केला. इंग्लंड २-० जिंकलं. त्या दौऱ्यातल्या एका विमानात नॅशनल फ्रंट या ब्रिटनमधल्या वंशद्वेषी, अतिउजव्या पक्षाचे इंग्लंड समर्थक होते. त्यांचा हिशेब वेगळा होता: काळ्याचा गोल धरायचा नाही, म्हणजे इंग्लंड १-० ने जिंकलं.

स्वतःच्या देशाचा इतका सुंदर गोल खोडून टाकायला तयार असलेल्या माणसाला फुटबॉलचा चाहता म्हणायचं का, हा प्रश्न मला पडतो. पण विचारायचंय ते निराळं. अशा लोकांना त्यांच्याच स्टँडमधल्या साध्या प्रेक्षकांनी कसं अडवलं? क्लब, संघटना, पोलिस यांनी काय केलं ते बातम्यांत येतं. समर्थकांनी काय केलं ते ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं. मला ग्रुपवर काहीतरी बोलायचंय आणि शब्द सापडत नाहीयेत.

शिट्टी

वाचतेय. लिहिलंत ते बरं केलंत.

स्वीपर

लीड्सचं सांगतो. मी लीड्सवाला आहे आणि ही गोष्ट आमच्या क्लबच्या इतिहासातल्या कुठल्याही चषकाइतकीच मला मोलाची वाटते.

ऐंशीच्या दशकात एलँड रोड हे इंग्लंडमधल्या सर्वांत बदनाम मैदानांपैकी एक होतं. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर नॅशनल फ्रंटचे लोक आपला पेपर राजरोस विकत. आत पाहुण्या संघातल्या काळ्या खेळाडूचा पाय बॉलला लागला की माकडाचे आवाज निघत. लोक म्हणायचे, लीड्स म्हटलं की हे असणारच. हे 'असणारच' फार घातक असतं. त्याने वाईट गोष्टीला क्लबची परंपरा असल्यासारखी प्रतिष्ठा मिळते.

१९८७ मध्ये काही समर्थकांनी 'लीड्स फॅन्स युनायटेड अगेन्स्ट रेसिझम अँड फॅसिझम' नावाचा गट काढला. क्लबचा पाठिंबा नव्हता, पैसा नव्हता. त्यांनी काय केलं तर पेपर विकणारे जिथे उभे राहत तिथेच उभे राहून पत्रकं वाटली. पुढे स्वतःचं फॅनझिन, म्हणजे समर्थकांनीच लिहिलेलं मासिक, काढलं, त्यात फुटबॉल भरपूर, विनोद भरपूर, आणि त्याच हाताने वंशद्वेषाला उत्तर. सामन्याला येणाऱ्या माणसाला ते आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलंय हे कळायचं. मला यातली खुबी ही वाटते की त्यांनी लीड्सच्या लोकांना व्याख्यान दिलं नाही, लीड्सचा माणूस म्हणून लीड्सच्या माणसाशी बोलले. शिव्या खाल्ल्या, धमक्या आल्या, पण दर शनिवारी तिथे दिसत राहिले. पेपर विकणाऱ्यांना 'हा सगळा स्टँड आमचा आहे' असं म्हणता येईना, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडला.

१९९२ मध्ये लीड्सने लीग जिंकली तेव्हा संघात ख्रिस फेअरक्लो, ख्रिस व्हाइट, रॉड वॉलेस होते. तिघेही काळे, तिघांच्या नावाने स्टँड ओरडत होता. पाच वर्षांपूर्वी ह्या मैदानावर हे घडेल असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

आता तारखा बघा. समर्थकांचा गट १९८७. मैदानात वांशिक घोषणा देणं गुन्हा ठरवणारा कायदा १९९१. त्यातही फट होती, एकट्याने ओरडला तर गुन्हा नाही, दोघा-तिघांनी मिळून ओरडायला हवं. ती फट १९९९ मध्ये बुजवली. खेळाडूंच्या संघटनेने आणि वांशिक समता आयोगाने मिळून 'लेट्स किक रेसिझम आउट ऑफ फुटबॉल' मोहीम काढली ती १९९३ ला, तीच पुढे 'किक इट आउट' झाली. म्हणजे आज ज्याला आपण अधिकृत धोरण म्हणतो ते सगळं नंतरचं. आधी पावसात पत्रकं वाटणारी माणसं होती.

जुना रसिक

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

माकडाची चित्रं टाकणारा नालायक आहे, त्यावर दुमत नाही. पण मी फुटबॉलकडे येतो ते नव्वद मिनिटं बाकीचं सगळं विसरायला. घरात राजकारण, ऑफिसात राजकारण, बातम्यांत तेच. ग्रुपवर एकाने एक व्हिडिओ टाकला म्हणून दुसऱ्याने त्याला भाषण द्यायचं, तिसऱ्याने तिसरंच काढायचं, की ग्रुपचा आखाडा होतो. मी असे दोन ग्रुप फुटलेले पाहिलेत. शिवाय 'अतिरेकी' कोण हे ठरवणार कोण? आज मशालवाला, उद्या माझं एखादं मत तुम्हाला पटलं नाही म्हणून मी.

जे कायद्याबाहेर आहे ते क्लबने आणि पोलिसांनी बघावं. समर्थकाने खेळ बघावा.

मीरा

जुना रसिक, तुमचा शीण मला कळतो. पण तुम्ही म्हणता ती राजकारणाविनाची नव्वद मिनिटं त्या सेंटर बॅकला कुठे मिळतात? त्याच्या अंगावर ते येतंच आहे. आपण 'इथे राजकारण नको' म्हणतो तेव्हा ज्याने आधी आणलं त्याचं राहतं आणि उत्तर देणाऱ्याचं तेवढं बंद होतं.

मी काही वर्षं जर्मनीत होते. खालच्या श्रेणीतल्या एका क्लबच्या, उभं राहून सामना बघायच्या स्टँडमध्ये नियमित जायचे. पहिल्या हंगामातच माझ्या मागून एकजण माझ्याकडे बघून रंगावरून काहीतरी बोलला. मला अर्धंच समजलं. माझ्या शेजारच्या आजोबांना पूर्ण समजलं. ते हळूच मागे वळले आणि त्याला फक्त एवढंच म्हणाले, "ती दर सामन्याला येते. तू कधी येतोस?" तो गप्प झाला. मध्यंतरानंतर दिसला नाही. आजोबांनी मला त्याबद्दल नंतर अवाक्षरही विचारलं नाही, पण पुढच्या सामन्याला माझ्यासाठी कठड्याजवळची जागा धरून ठेवली होती. त्या दिवसापासून तो क्लब माझा झाला.

तिथे असताना जे कळलं ते सांगते.

वेर्डर ब्रेमेनच्या काही तरुण समर्थकांनी वंशद्वेषाविरुद्ध बोलणारा 'रकाय व्हेर्ट' नावाचा अल्ट्रा गट, म्हणजे कट्टर समर्थकांचा संघटित गट, काढला. जानेवारी २००७ मध्ये त्यांचा पहिला वाढदिवस मैदानातल्याच समर्थकांच्या हॉलमध्ये चालला होता. उजव्या गटातल्या हुलिगनांनी, म्हणजे मारामारी करणाऱ्या समर्थकांनी, घुसून त्यांना मारलं. ते हुलिगन ब्रेमेनचेच, प्रतिस्पर्धी क्लबचे नव्हते. पुष्कळांनी साक्ष द्यायचं टाळलं, कारण पुढच्या शनिवारी त्याच स्टँडमध्ये उभं राहायचं होतं. खटला चालायला २०११ उजाडलं.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. नोव्हेंबर २००८, बोखुमला अवे सामना, म्हणजे समोरच्याच्या मैदानावर. उजव्या गटाने आपला बॅनर लावला. आजूबाजूच्या ब्रेमेनच्याच साध्या प्रेक्षकांनी बोटं दाखवून 'नात्सी राउस', म्हणजे 'नात्सींनो, चालते व्हा', असं ओरडायला सुरुवात केली आणि त्यांना बाहेर काढेपर्यंत थांबले नाहीत. ज्यांनी मार खाल्ला होता ते मूठभर होते. ओरडणारा अख्खा स्टँड होता. हे अचानक होत नाही. मधल्या दोन वर्षांत कुणीतरी शेजारच्या माणसाशी बोलत राहिलेलं असतं.

तसंच म्युन्स्टरचं. फेब्रुवारी २०२०, तिसऱ्या श्रेणीचा सामना. पाहुण्या वुर्त्सबुर्ग संघातल्या लिरॉय क्वाड्वोला उद्देशून एका प्रेक्षकाने माकडाचे आवाज काढले. त्याच्या भोवतीच्या म्युन्स्टरच्या प्रेक्षकांनी सुरक्षारक्षकांना तो माणूस दाखवून दिला आणि मैदानभर 'नात्सी राउस' सुरू झालं. शिवी प्रतिस्पर्ध्याला दिली गेली होती, तरी यजमान समर्थकांनी आपल्यातल्या माणसाला पाठीशी घातलं नाही.

सगळीकडे असं होत नाही, तेही सांगायला हवं. आखेनमध्ये 'आखेन अल्ट्राज' हा गट उघडपणे वंशद्वेषाविरुद्ध होता. त्याच क्लबच्या दुसऱ्या गटातून आणि हुलिगनांकडून त्यांच्यावर वर्षभर हल्ले झाले. क्लबचा सूर असा की हे दोन गटांचं आपसातलं भांडण आहे. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी स्टँड सोडला. मार खाणाराच बाहेर गेला. मारणारे आत राहिले. 'दोन्ही बाजूंनी शांत राहावं' या वाक्याचा शेवट कुठे होतो ते मी आखेनवरून शिकले.

आणि डोर्टमुंडसारखा बडा क्लबसुद्धा सुटला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये सरकारने एका नव-नात्सी संघटनेवर बंदी घातली आणि दुसऱ्याच दिवशी 'पिवळी भिंत' म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या त्यांच्या स्टँडमध्ये, जवळपास पंचवीस हजार लोक उभे असतात तिथे, तिच्या समर्थनाचा बॅनर झळकला. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोनेत्स्कच्या अवे सामन्यात क्लबच्या समर्थक-संपर्क अधिकाऱ्यावर आणि समर्थकांमध्ये काम करणाऱ्या एका समाजसेवकावर शौचालयात हल्ला झाला. करणारे आपल्याच बाजूचे उजवे अतिरेकी. त्यानंतर क्लब जागा झाला. आता समर्थकांना आउशविट्झच्या नात्सी छळछावणीत नेऊन आणतात, कोपऱ्याकोपऱ्यातल्या लोकांना प्रशिक्षण देतात. चांगलंच आहे. पण बॅनर झळकला तेव्हा त्याच्या आजूबाजूला उभी असलेली माणसं खूप होती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

लाल जर्सी

मीराताई, आजोबांचं वाचून डोळे भरून आले.

धागाकर्त्याचं स्क्रीनशॉटवालं वाक्य मला लागलं, कारण मी त्याच्या उलट बाजूला उभा होतो. मी लिव्हरपूलचा. ऑक्टोबर २०११ मध्ये सुआरेझ-एव्हरा प्रकरण झालं, म्हणजे आमच्या सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या एव्हराला रंगावरून हिणवल्याचा आरोप झाला, तेव्हा मी रात्र-रात्र भांडलो. दक्षिण अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ तसा नसतो, एव्हराच तसला आहे, फुटबॉल संघटना मँचेस्टरच्या बाजूची आहे, सगळं बोललो. आठ सामन्यांची बंदी आणि चाळीस हजार पौंड दंड झाला. दुसऱ्या दिवशी विगनच्या सामन्याआधी आमचे खेळाडू सुआरेझचं चित्र असलेले टी-शर्ट घालून सराव करत होते. मला अभिमान वाटला होता. चौकशीचा अहवाल शंभराहून जास्त पानांचा होता. वर्षअखेरीला जाहीर झाला. मी वाचलाच नाही. मी वाचला तो कितीतरी वर्षांनी.

२०१९ मध्ये आमचा माजी खेळाडू जेमी कॅरागरने टीव्हीवर एव्हराशेजारी बसून त्याची माफी मागितली. क्लबकडून फार मोठी चूक झाली, असं म्हणाला. आठ वर्षं गेली होती.

मी वंशद्वेष्टा होतो असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही नाही. पण मी जर्सी बघून न्याय केला. ज्याच्या अंगावर आपला रंग तो खरं बोलतो, इतका सोपा हिशेब. अतिरेक्यांना स्टँडमध्ये जागा मिळते ती ह्याच सवयीमुळे. त्यांना आपण त्यांच्या मताचे व्हायला नको असतो. आपण 'आपला माणूस' म्हणून गप्प बसलो तरी त्यांचं काम होतं.

आणि हा तोच क्लब, ज्याच्या बार्न्सने १९८८ मध्ये गुडिसन पार्कवर अंगावर फेकलेलं केळं टाचेने मागच्या मागे रेषेबाहेर उडवलं होतं. तो फोटो माझ्या भिंतीवर होता.

जुना रसिक

लाल जर्सी, मनापासून लिहिलंत. मीराताई, तुमचंही सगळं वाचलं, दोनदा.

माझी भीती अजून पूर्ण गेलेली नाही. स्कॉटलंडचं उदाहरण देतो. सेल्टिक-रेंजर्स वैर आणि त्यातलं कॅथलिक-प्रोटेस्टंट विष सगळ्यांना माहीत आहे. १९८९ मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टन हा कॅथलिक खेळाडू घेतला तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी स्कार्फ जाळले होते. त्या विषावर उपाय म्हणून २०१२ मध्ये खास फुटबॉलसाठी कायदा आला. आक्षेपार्ह वर्तन म्हणजे नेमकं काय ते इतकं मोघम होतं की दोन्ही क्लबांचे समर्थक त्याच्या विरोधात गेले, आणि २०१८ मध्ये तो रद्द करावा लागला. वरून ठरवायला गेलं की असं होतं.

आणि जर्मनीतला बाबेल्सबर्ग क्लब. २०१७ मध्ये कोटबुसविरुद्धच्या सामन्यात समोरच्या स्टँडमधून हिटलरचे सलाम आणि ज्यूंविरुद्ध घोषणा. बाबेल्सबर्गच्या बाजूने उत्तर गेलं, 'नात्सी डुकरांनो, चालते व्हा.' प्रादेशिक संघटनेने दंड ठोठावताना बाबेल्सबर्गच्या निकालात ह्या घोषणेचाही समावेश केला! क्लबने पैसे भरायला नकार दिला, मैदानांतून नात्सींना हाकला अशी मोहीमच उघडली, देशभरातून इतर क्लबांचे समर्थक पाठीशी उभे राहिले. शेवटी तडजोड झाली.

हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात येतंय की मी माझ्याच म्हणण्याविरुद्ध पुरावे देतोय. क्लबने आणि संघटनेने बघावं असं मी म्हणालो, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना ते बघता आलं नाही. बरोबर काय ते समर्थकांनाच कळत होतं.

कोपरा

एक अवघड बाजू मांडतो. स्टँडमध्ये राहून लढायचं की उठून जायचं?

इस्रायलमधला, जेरुसलेमचा बेतार क्लब. त्यांच्या 'ला फमिलिया' गटाला अभिमान होता की आपल्या संघातून कधीही अरब खेळाडू खेळलेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये क्लब दोन मुस्लिम चेचेन खेळाडू घेणार असं कळलं आणि स्टँडमध्ये बॅनर लागला, 'बेतार कायमचा शुद्ध राहील.' फेब्रुवारीत क्लबच्या कार्यालयाला आग लावली गेली. जुन्या आठवणींच्या वस्तू जळाल्या, म्हणजे क्लबवर प्रेम करतो म्हणणाऱ्यांनी क्लबचा इतिहास जाळला. मार्चमध्ये त्यांतल्या झाउर सादायेवने बेतारसाठी पहिला गोल केला. शेकडो लोक उठून मैदानाबाहेर गेले. आपल्याच संघाचा गोल झाला म्हणून!

धागाकर्त्याने सांगितलेला १९८४ चा विमानातला हिशेब आठवला ना? तोच. गोल धरायचा नाही.

२०१४ मध्ये ह्याला विटलेल्या काही जुन्या समर्थकांनी क्लब सोडला आणि 'बेतार नॉर्दिया' नावाचा स्वतःचा क्लब काढला, समर्थकांच्या मालकीचा, तळाच्या श्रेणीपासून सुरुवात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण त्यांच्या जाण्याने मूळ स्टँडमधली चांगली माणसं कमी झाली, हेही खरं. बापाचं बोट धरून ज्या क्लबचे सामने पाहिले तो क्लब असल्या लोकांच्या हाती देऊन निघायचं, हे दुःख लहान नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी त्यांच्या जागी असतो तर बहुधा राहिलो असतो आणि बहुधा मारही खाल्ला असता.

शिट्टी

कोपरा, राहणाऱ्यांचं एक उदाहरण माझ्याकडे आहे, आणि त्यात भांडण नाही म्हणून मला ते जास्त आवडतं.

बायर्न म्युनिकचा अध्यक्ष कुर्ट लांडाउअर ज्यू होता. १९३२ मध्ये क्लबने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते त्याच्या कारकिर्दीत. पुढच्या वर्षी नात्सी सत्तेवर आले, त्याला पद सोडावं लागलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याला दाखाउच्या छळछावणीत टाकलं, तेहतीस दिवस. मग तो स्वित्झर्लंडला निसटला. त्याची बहुतेक भावंडं मारली गेली. आणि १९४७ मध्ये हा माणूस म्युनिकला परत आला, पुन्हा क्लबचा अध्यक्ष झाला!

नंतर त्याचं नाव कित्येक दशकं फारसं कुणी घेत नव्हतं. ते परत आणलं 'शिकेरिया' या अल्ट्रा गटातल्या पोरांनी. त्याच्या नावाने स्पर्धा भरवली, २००९ मध्ये १२५ व्या जयंतीला स्टँडमध्ये त्याचं चित्र उभं केलं, २०१४ मध्ये तर अख्खा स्टँड भरून त्याचा चेहरा. क्लबने त्याला मरणोत्तर मानद अध्यक्ष केलं ते २०१३ मध्ये, पोरांच्या मागोमाग. २०१४ चा युलिउस हिर्श पुरस्कार जर्मन फुटबॉल संघटनेने शिकेरियाला दिला. हिर्श जर्मनीकडून खेळलेला ज्यू फुटबॉलपटू, आउशविट्झमध्ये मारला गेलेला.

मला वाटतं, नुसतं 'हे करू नका' म्हणून स्टँड बदलत नाही. 'आपण कोण आहोत' हे सांगणारी एक गोष्ट हाताशी लागते. मशालवाला म्हणतो क्लब फक्त आपल्या रक्ताच्या लोकांचा. त्याच्या हातात लांडाउअरचा फोटो दिला की त्याला क्लब आणि मत यातलं एक निवडावं लागतं. प्रत्येक क्लबच्या इतिहासात असा कुणीतरी सापडतो. तुमच्या ग्रुपसाठी तो शोधा.

नव्वदावं मिनिट

सगळ्यांचे आभार. काल रात्री ग्रुपवर लिहिलं. काय झालं ते सांगतो.

कायदा, नियम काही काढलं नाही. मीराताईंच्या आजोबांचं वाक्य डोक्यात होतं. त्या सेंटर बॅकने आमच्यासाठी किती सामने खेळले, कुठल्या दुखापतीतून परत आला, महिनाभरापूर्वीच्या हेडरच्या रात्री ग्रुपवर कोण काय लिहीत होतं, ते एकेक करून मांडलं. मग लिहिलं की ज्यांनी माकडाची चित्रं टाकली त्यांनी ती काढावीत, आणि मशालींचा व्हिडिओ आमच्या क्लबचा नाही, आमच्या स्कार्फचा गैरवापर आहे. शेवटी लिहिलं की मी चार दिवस गप्प बसलो, ती माझी चूक.

वीस मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. ती वीस मिनिटं फार लांब होती. मग एकाने "सहमत" लिहिलं. मग आणखी आठ-दहा जणांनी. दोघांनी चित्रं काढली. व्हिडिओ टाकणारा माझ्यावर बराच वेळ तुटून पडला, मग चार जणांना घेऊन ग्रुप सोडून गेला. त्यातला एक माझा जुना मित्र आहे. त्याला आज फोन केला, उचलला नाही. उद्या पुन्हा करेन. जुना रसिक, तुम्ही म्हणाला होता ग्रुप फुटतो, तर हो, थोडा फुटला.

आणि रात्री उशिरा ग्रुपमधल्या एका मुलाचा वेगळा मेसेज आला. चार वर्षं ग्रुपवर आहे, कधी विशेष बोललेला नाही. तो ज्याच्यावरून 'विनोद' झाला त्याच धर्माचा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याने लिहिलं, "दादा, आपण हरलो की मी ग्रुप म्यूट करतो. जिंकलो की उघडतो."

चार वर्षं.

आम्ही ॲडमिन आता ग्रुपच्या वर्णनात दोन ओळी घालायचं म्हणतोय. एकाने सुचवलं, 'राजकीय पोस्ट टाकू नयेत.' मला ते बरोबर वाटत नाहीये. तुम्ही काय लिहिलं असतं?

मीरा

'राजकीय पोस्ट नकोत' अजिबात लिहू नका. पुढच्या वेळी तुम्ही असं काही बोललात की हीच ओळ तुमच्याच तोंडावर फेकतील. काय चालणार नाही ते स्पष्ट लिहा: रंग, धर्म, जात, देश, लिंग किंवा कुणी कुणावर प्रेम करतं यावरून खेळाडूची अथवा समर्थकाची हेटाळणी. ह्या ग्रुपवर ती चालणार नाही, आपला असो वा समोरचा. 'समोरचा' हा शब्द गाळू नका.

जुना रसिक

ह्याला माझी हरकत नाही. फक्त पहिली ओळ खेळाची असू द्या. आणि कुणी मोडलं तर आधी त्याच्याशी खासगीत बोला, लगेच काढू नका. काढलं की तो मशालवाल्यांकडेच जातो.

लाल जर्सी

त्या मुलाला विचारा की ओळी बरोबर वाटतात का. माझ्या मते आधी त्यालाच दाखवा.

नव्वदावं मिनिट

त्याला पाठवल्यात. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतायत, काहीतरी टाइप करतोय. शनिवारी सामना आहे, सेंटर बॅक पहिल्या अकरांत असेल असं दिसतंय.